विटकरी रंगाचं तेल

१

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला चढाच्या पायथ्याशी बसणाऱ्या शिंप्याने नेहमीसारखं मशीन दुकानाबाहेर फुटपाथवर ओढलं. आत उजेड कमी होता आणि हातात काळ्या कापडाचं काम होतं. कॉलर लावता लावता त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला. नुसता आवाज. गाडी जागच्या जागी ओरडत असावी तसा.

त्याने मान वर केली. चढाच्या मध्यावर एक जुनी राखाडी मोटार थांबली होती. इंजिन किंचाळत होतं, पण चाकं फिरत नव्हती. मग ती हळूहळू मागे घसरत खाली सपाटीवर आली. आता चालवणारा उतरेल आणि बॉनेट उघडेल, असं शिंप्याला वाटलं. तेवढ्यात गाडीला आतून कुणी लाथ घातल्यासारखा हिसका बसला. ती सरळ फुटपाथवर चढली. मशीन भिंतीवर आदळलं. शिंप्याचा उजवा हात मशीन आणि भिंत यांच्यामध्ये होता.

मनगट दोन ठिकाणी मोडलं.

गाडीतून एकाहत्तर वर्षांचा एक उंच माणूस उतरला. चौतीस वर्षं त्याने रुग्णवाहिका चालवली होती. सगळी वस्ती त्याला कप्तान म्हणायची. कप्तानने शिंप्याचा हात हातात घेतला, पुठ्ठ्याचा तुकडा मागवला आणि शिंप्याच्याच गळ्यातल्या मापाच्या टेपने हात बांधून टाकला. बघणारे नंतर सांगत होते, की कप्तान त्या हाताकडे बघतसुद्धा नव्हता. बोटांनीच सगळं केलं. किती सवय असेल बघा.

सोमवारी संध्याकाळपर्यंत कारण सगळ्यांना कळलं होतं. शनिवारी दुपारी गॅरेजवाल्या वस्तादने त्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं. गाडी ऑटोमॅटिक, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली. एवढं रनिंग झालेल्या ऑटोमॅटिकच्या तेलाला हात लावायचा नसतो, हे ज्यांच्याकडे सायकलही नव्हती ते लोकसुद्धा एकमेकांना ठासून सांगू लागले. वस्तादच्या गॅरेजची पाटी कुणीतरी उतरवून गटारात टाकली. विम्याचा अहवाल येईपर्यंत शटर उघडायचं नाही, असा चौकीतून निरोप आला.

अहवाल मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता.

२

अहवाल लिहायचं काम ज्या सर्व्हेअर बाईंकडे आलं, त्यांना ऑफिसात भिंगरी म्हणत. तोंडावरही म्हणत. भिंगरी एका खुर्चीत दहा मिनिटं बसलेली कुणी पाहिली नव्हती. फोनवर बोलताना ती जिना चढायची-उतरायची. साहेबांनी तिला मंगळवारी सकाळी नऊला सांगितलं, "सरळ प्रकरण आहे. गॅरेजवाल्याची चूक. एक पान लिहा आणि मोकळ्या व्हा."

"गाडी बघून लिहिते," भिंगरी म्हणाली आणि साहेबांचं वाक्य संपायच्या आत बाहेर पडली.

अपघाताच्या गाड्या ठेवतात त्या आवारात राखाडी मोटार एका कोपऱ्यात उभी होती. भिंगरीने तिच्याभोवती चार चकरा मारल्या. डावा दिवा फुटलेला, बंपर वाकलेला, बस. रेडिएटर धड होता, त्याच्या नळ्या धड होत्या. ती सतरंजी टाकून गाडीखाली सरकली. गिअरबॉक्सच्या तळाचं चेंबर कोरडं ठणठणीत होतं. तेल सोडायच्या ड्रेन बोल्टवर, आवळल्यावर खूण म्हणून ओढतात तशी, पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती, अर्धी बोल्टवर, अर्धी चेंबरवर. बोल्ट केसभर फिरला असता तरी रेघ तुटली असती. ती तुटलेली नव्हती.

आवारातल्या मेकॅनिकने गाडी चालू केली आणि गरम होऊ दिली. ऑटोमॅटिकचं तेल इंजिन चालू ठेवून, गरम असतानाच मोजायचं असतं. भिंगरीने डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काठी, काढली. खालच्या खुणेच्याही खाली कुठेतरी तेलाचा थेंब चिकटला होता. तिने वहीतला पांढरा कागद फाडून तो थेंब त्यावर टिपला आणि कागद खिशात ठेवला.

"आता तेल घाला. जपून घाला आणि किती गेलं ते मला सांगा."

अडीच लिटर गेलं, तेव्हा तेल वरच्या खुणेपर्यंत आलं. मग मेकॅनिकने गाडी पुढे घेतली, मागे घेतली, आवारातल्या मातीच्या ढिगावर चढवली. गाडी लोण्यासारखी चालत होती.

"गिअरबॉक्सला काही झालेलं नाही, बाई," मेकॅनिक म्हणाला. "तेल कमी होतं एवढंच. चढावर गाडी कलली, पंपाने हवा ओढली, गिअर सुटला. खाली सपाटीवर आल्यावर तेल परत पंपाशी आलं आणि गिअर एकदम धरला. म्हाताऱ्याचा पाय तोपर्यंत ॲक्सिलेटरवरच होता."

"म्हणजे तेल बदलल्याने गाडी बिघडली, असं नाही."

"नाही. पण ज्याने बदललं त्याने अडीच लिटर कमी घातलं, असंच ना? गळती नाही, बोल्ट नंतर कुणी उघडलेला नाही."

भिंगरी गाडीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून गाडीपर्यंत चालत होती. सगळं वस्तादच्या अंगावर जात होतं. इतकं नीट जात होतं, की तिला ते टोचू लागलं. जेवढं तेल निघालं तेवढं नवं घालणं, हे विसरण्यासारखं काम नव्हतं. आणि बोल्टवर पिवळी रेघ ओढणारा माणूस विसराळू नसतो.

३

वस्ताद बंद शटरच्या आत बसला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याने धुतलेले पाने पुन्हा धुवायला घेतले होते.

"चार लिटर आणि वर पाव निघालं, तेवढंच घातलं," तो म्हणाला. "मी अंदाजाने काही करत नाही. हे बघा."

कोपऱ्यात मापाच्या खुणा केलेला डबा होता. शनिवारचं निघालेलं तेल त्यात तसंच होतं, काळपट, सव्वाचारच्या खुणेला. शेजारी नव्या तेलाच्या एकेक लिटरच्या बाटल्या. पाचव्या बाटलीत पाऊण भाग उरला होता. त्यातलं तेल गर्द लाल होतं.

भिंगरीने दोन्हीतला एकेक थेंब कागदावर घेतला. "गिअरबॉक्समध्ये एकूण तेल किती असतं?"

"साडेआठच्या आसपास. पण चेंबर खोललं तरी निम्मंच निघतं. उरलेलं आत पुढच्या भागात अडकून राहतं. म्हणून एवढं रनिंग झालेल्या गाडीला मी एका दमात सगळं बदलत नाही. निम्मं आज, निम्मं महिन्याने. जुन्या हाडांना एकदम धक्का नको."

"घातल्यावर मोजलंत?"

"गाडी गरम करून मोजलं. कप्तानला काठी दाखवली. ते 'बरोबर आहे' म्हणाले. काकू पण होत्याच, कप्तानच्या घरच्या."

"त्या कशाला?"

"आल्या होत्या बरोबर. इथे स्टुलावर बसल्या होत्या. चौकस बाई आहेत, सगळं विचारत होत्या. तेल कुठून घालतोस, का घालतोस, नसलं तर काय होतं." वस्ताद पहिल्यांदाच थोडा हसला. "आमच्या कामात कुणी इतका रस घेत नाही हो."

मग त्याचं हसू गेलं. "शिंप्याच्या दुकानात मी दोनदा जाऊन आलो. त्याची बायको दारातूनच परत पाठवते. बाई, खरंच मी तेल कमी घातलं असेन का? काल रात्रभर मी तेच आठवत बसलोय. आता तर मला माझीच खात्री वाटेना."

भिंगरी निघाली ती तरातरा. हा माणूस आपल्यावरच संशय घ्यायला लागला होता, आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते.

४

गाडी ज्याने विकली त्या दलालाचं ऑफिस म्हणजे पंख्याखाली एक टेबल आणि बाहेर उन्हात सोळा गाड्या. दलाल भिंगरीला बघून खूश झाला.

"मी पहिल्या दिवशीच कप्तानला सांगितलं होतं, जुनी ऑटोमॅटिक आहे, तेलाला हात लावू नका. ऐकलं नाही. आता भोगा."

"शनिवारी संध्याकाळी तुम्ही त्यांच्या घरी होतात. येता येता वस्तीत विचारलं, शेजाऱ्यांनी तुम्हाला गाडीशी बघितलं."

दलालाचा चेहरा उतरला. "कप्तानच्या सूनबाईंनी बोलावलं होतं. शुक्रवारी फोन आला, गाडी परत घ्या म्हणून. सहाला गेलो, तर सूनबाई ड्यूटीवर आणि कप्तान आत्ताच गॅरेजातून आलेले. गाडी परत द्यायचं नाव काढलं तर माझ्यावरच चढले. म्हणाले, 'बघ, तेलसुद्धा नवं घातलंय.' इंजिन चालूच होतं. बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, काठी काढ आणि वाच."

"तुम्हाला वाचायला लावलं?"

"चष्मा घरात आहे म्हणाले."

"मग काय वाचलंत?"

दलालाने टेबलावरचे कागद सारखे केले. भिंगरी टेबलाभोवती फिरून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"बरोबर होतं," तो कुरकुरत म्हणाला. "वरच्या खुणेला. पण माझं ऐका बाई, लेव्हल बरोबर असली तरी तेल बदललं हेच चूक."

भिंगरीने त्याला तेच वाक्य लिहून सही करायला लावली. बाहेर आल्यावर ती उन्हात थांबली, म्हणजे तिच्या मानाने थांबली. वस्तादला खोटं पाडण्यात या माणसाचा फायदा होता. तरीही त्याने वस्तादच्या बाजूची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्याच्या लक्षातही आलं नाही. शनिवारी सहाला तेल पूर्ण होतं. रविवारी दहाला अडीच लिटर कमी. गळती नाही, बोल्ट जागचा हललेला नाही.

म्हणजे तेल वरून काढलं होतं. ज्या नळीत डिपस्टिक असते, त्याच नळीतून. आणि गाडी त्या सोळा तासांत कप्तानच्या अंगणातच उभी होती.

५

कप्तानच्या अंगणाचं लोखंडी फाटक उघडताना भिंगरीला वाटलं जोर लावावा लागेल. एवढं गंजलेलं फाटक. पण ते आवाज न करता अलगद उघडलं आणि तिचाच तोल गेला. बिजागरी धरून तिने स्वतःला सावरलं.

ओसरीवर सहा-सात वर्षांची नात तीनचाकीवर बसली होती. आजी, म्हणजे काकू, भाजी निवडत होत्या. कप्तान आरामखुर्चीत ताठ बसले होते. भिंगरी आत आली तरी त्यांनी मान वळवली नाही. तिने नमस्कार केला, तेव्हा ते उठून उभे राहिले.

"विचारा काय विचारायचं ते. चूक माझी नाही, गाडीची आहे."

ते बोलत होते, पण बघत होते तिच्या उजव्या कानाच्या पलीकडे. ती फिरता फिरता डावीकडे सरकली, तशी त्यांची नजरही सरकली, पण पुन्हा थोडी बाजूलाच. हा माणूस काहीतरी लपवतोय, असं भिंगरीच्या मनाने लगेच घेतलं.

"रविवारी कुठे निघाला होतात?"

"सोमवारपासून नातीला शाळेत सोडायचं होतं. तिची बस बंद झाली. म्हटलं एकदा रस्ता करून बघावा. फाटकातून डावीकडे, दुसऱ्या वळणाला उजवीकडे, मग चढ, मग तिसरं फाटक शाळेचं." त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं.

"याच गावात तुम्ही चौतीस वर्षं गाडी चालवलीत. शाळेचा रस्ता करून बघावा लागतो?"

काकूंचे भाजी निवडणारे हात थांबले. कप्तान म्हणाले, "गाडी नवी आहे ना मला."

"नात बरोबर नव्हती?"

"मला जायचं होतं," नात मध्येच म्हणाली. "आजीने सोडलंच नाही. केस धुवायचे म्हणाली. शनिवारी पण धुतले होते, रविवारी परत धुतले."

"डोक्यात वाळू होती तिच्या," काकू म्हणाल्या. जरा पटकन म्हणाल्या.

भिंगरी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. "शनिवारी दलाल गेल्यावर घरी कोण होतं?"

"मी नातीला घेऊन मैदानावर गेलो होतो," कप्तान म्हणाले. "साडेसहा ते पावणेआठ. रोज जातो, चालतच. ही होती घरी. सून दवाखान्यात, नर्स आहे ती. मुलगा कामानिमित्त परगावी असतो, महिन्याने येतो."

भिंगरीने कपाळावरचा घाम पुसला आणि तिला आपली बोटं ओशट लागली. बिजागरीचं तेल. तिने बोटं उजेडात धरली.

"फाटकाला तेल कुणी घातलं?"

"मी," कप्तान अभिमानाने म्हणाले. "काल. नुसतं करकरायचं. पाण्याच्या टाकीमागे मशिनच्या तेलाची बाटली हाताला लागली. फाटकाला घातलं, पोरीच्या तीनचाकीला घातलं. काय, आवाज येतो का आता?"

काकू भाजीचं ताट घेऊन आत गेल्या, तेव्हा निवडलेली आणि न निवडलेली भाजी एक झाली होती.

६

रस्त्याच्या वळणावर एका बंद दुकानाच्या पायरीवर भिंगरीने कागद उलगडला. तीन थेंब वाळले होते. बाटलीतल्या नव्या तेलाचा डाग लाल होता. वस्तादच्या डब्यातल्या जुन्याचा काळपट तपकिरी. गिअरबॉक्समधला तिसरा थेंब या दोन्हींसारखा नव्हता. तो विटकरी होता. निम्मं नवं आणि निम्मं जुनं, इंजिन चालू झाल्यावर एकत्र घुसळलेलं.

चौथ्या जागी तिने आपलं ओशट बोट दाबलं.

विटकरी.

या रंगाचं तेल कोणत्याही दुकानात मिळत नाही. वस्तादच्या गॅरेजातही ते नव्हतं. ते जगात एकाच ठिकाणी तयार झालं होतं, राखाडी मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये, आणि तेही शनिवारी दुपारी तेल बदलून गाडी चालवल्यानंतर. म्हणजे टाकीमागच्या बाटलीत जे होतं, ते शनिवारी संध्याकाळनंतर त्या गाडीतूनच काढलेलं होतं. वस्ताद सुटला.

पण काढलं कुणी? डिपस्टिकच्या नळीत बोटसुद्धा जात नाही. हातभर लांब, मऊ, बारीक नळी हवी आणि ओढायला मोठी सिरिंज हवी. असल्या वस्तू जिच्या सहज हाताशी असतील अशी त्या घरात एक सून होती, आणि ती परिचारिका होती. तिनेच गाडी परत घ्या म्हणून दलालाला बोलावलं होतं.

दीड वाजला होता. भिंगरी दवाखान्यापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

सूनबाई अपघात विभागात पट्ट्या मोजून ठेवत होती. भिंगरीने आडपडदा न ठेवता विचारलं, शनिवारी संध्याकाळपासून रविवारी सकाळपर्यंत तू कुठे होतीस?

"इथेच. शनिवारी दुपारी दोनला आले. दुसरी बाई आजारी पडली म्हणून रविवारी दुपारी बाराला सुटले." तिने हजेरीचं पुस्तक पुढे केलं. "शिंपीकाकांना आणलं तेव्हा त्यांचा हात मीच धरला होता. टेपने इतका नीट बांधलेला, की मला बघताक्षणी कळलं, बांधणारे आमचे बाबा आहेत."

पुस्तकात दर दोन तासांनी तिच्या सह्या होत्या, आणि प्रत्येक सहीशेजारी दुसऱ्या कुणाची तरी सही.

भिंगरीचा सगळा जोर ओसरला. ती पहिल्यांदाच समोरच्या बाकावर बसली. "गाडी परत द्यायची का होती?"

"त्यांना नीट दिसत नाही असं मला वाटतं. विचारलं तर रागावतात. लायसन्सच्या वेळी डोळ्यांचा तक्ता घडाघडा वाचला म्हणतात. पण मी मीठ मागितलं तर डबा हाताने चाचपतात. सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या तुझा भ्रम आहे."

"घरी नळ्या असतात का तुमच्याकडे? पोटात घालून भरवायच्या?"

सूनबाईने चमकून बघितलं. "माझ्याकडे नाही. सासूबाईंकडे असतील. त्यांची बहीण दोन वर्षं आमच्याकडे अंथरुणाला खिळून होती. नाकातून नळी घालायची, सिरिंजने भरवायचं, सगळं सासूबाईच करायच्या. माझ्यापेक्षा हलका हात त्यांचा. मावशी गेल्यावर ते सामान त्यांनी कुणाला टाकूच दिलं नाही."

७

तीन वाजता भिंगरी पुन्हा त्या फाटकातून आत शिरली. नात झोपली होती. काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. जणू वाटच बघत होत्या.

"किती वेळा ओढावं लागलं, काकू?" भिंगरीने हळू आवाजात विचारलं.

काकूंनी नाकारलं नाही. "पन्नास. पन्नास वेळा सिरिंज भरली. गाडी गरम होती, म्हणून भराभर आलं. हे मैदानावरून यायच्या आत काठी परत लावली आणि बाटली टाकीमागे ठेवून दिली."

"वस्तादला विचारून घेतलं होतं तुम्ही."

"विचारलं, तेल नसलं तर काय होतं. तो म्हणाला, काकू, गाडी जागची हलणार नाही." त्यांनी पदराने ओटा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "मला तेवढंच हवं होतं हो. जागची हलू नये. अंगणातच बंद पडली असती, तर ते चिडले असते, वस्तादला चार शब्द बोलले असते आणि सोमवार टळला असता. पुढच्या महिन्यात मुलगा येणार होता. त्याच्यापुढे सांगायचा धीर केला असता. पण रविवारी गाडी सुरू झाली आणि चालायला लागली. मी फाटकापर्यंत धावले, हाका मारल्या. त्यांनी हात हलवला. त्यांना वाटलं, मी टाटा करते."

"सरळ का सांगितलं नाहीत त्यांना? सूनबाईला?"

"सहा महिन्यांपूर्वी ते एकदा माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, तुझा चेहरा मधोमध पुसला गेलाय, कडाच दिसतात. कुणाला सांगणार नाहीस असं वचन घेतलं माझ्याकडून. मी दिलं. त्यांनी आयुष्यभर मरणाच्या दारातली माणसं वेळेवर पोचवली. गाडी गेली की त्यांच्याकडे काय राहणार? पण त्या गाडीत पोरगी बसणार होती." त्यांनी नात झोपली होती तिकडे बघितलं. "मी पोरीला वाचवलं आणि शिंप्याचा हात मोडला. वस्तादची पाटी गटारात पडलेली मी काल बघितली. दोनदा त्याच्या गॅरेजपर्यंत जाऊन परत आले. तोंडातून शब्दच फुटला नाही."

दारात पावलं वाजली नव्हती, पण कप्तान तिथे उभे होते. चौकटीला हात धरून.

भिंगरीला, कधी नव्हे ते, जागचं हलावंसं वाटेना.

"फाटकाला घातलं ते?" त्यांनी विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या.

"मला ते मशिनचं वाटलं. रंग कळला नाही." ते चाचपत स्टुलावर बसले. "बाई, तुमच्या अहवालात हिने तेल काढलं असं लिहाल?"

"लिहावं लागेल. नाहीतर वस्ताद सुटत नाही."

"लिहा. पण त्याखाली माझंही लिहा. गाडी मागे घसरली, तेव्हा मला ब्रेक मारता आला असता. नुसतं तेल कमी पडल्याने माणूस चिरडला जात नाही. मी पाय दाबून धरला, कारण मी कुठे आलोय तेच मला कळत नव्हतं. शिंपी समोर बसलाय हे मला दिसलं नाही. तो ओरडला तेव्हा कळलं." त्यांनी खिशातून लायसन्स काढून ओट्यावर ठेवलं. "चौतीस वर्षांत एकही माणूस माझ्या हातून दुखावला नव्हता. लिहा, की मला दिसत नाही हे मला माहीत होतं."

काकू म्हणाल्या, "अहो."

"तू गप्प बस. तू सहा महिने गप्प बसलीस ते माझ्यामुळे." मग थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "पन्नास वेळा? हात नाही दुखला?"

काकू रडत होत्या, आणि ते कप्तानला ऐकू येत होतं.

भिंगरीने दोघांचे जबाब त्या ओट्यावरच लिहून घेतले. कागदावरचे चार थेंब तिने जबाबाला जोडले. पाचाला दहा मिनिटं कमी असताना अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. एक पान नव्हतं, सात होती. साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि चौकीत फोन करून वस्तादचं शटर उघडायला सांगितलं.

पुढे काय होईल ते भिंगरीच्या हातात नव्हतं. चौकीतून बोलावणं येणार होतं, काकूंना उत्तर द्यावं लागणार होतं, शिंप्याचं मनगट सांधायला तीन महिने लागणार होते. ऑफिसात तिला बसवेना. ती पुन्हा बाहेर पडली आणि पाय नेतील तिकडे चालत त्या चढाच्या पायथ्याशी आली.

समोरून कप्तान आणि काकू येत होते, चालत. शिंप्याच्या घरी निघाले असावेत. काकूंनी त्यांचा हात धरला नव्हता. अर्धं पाऊल पुढे राहून त्या हळू आवाजात बोलत होत्या. भिंगरी भिंतीकडे सरकून उभी राहिली.

"इथे डाव्या हाताला खड्डा आहे," काकू म्हणाल्या.

कप्तान थांबले. ते फटकारतील असं भिंगरीला वाटलं. त्यांनी हात पुढे केला आणि बायकोच्या खांद्यावर ठेवला.

"केवढा आहे?" त्यांनी विचारलं.